इंग्रजी वाचन चाचणी : यंत्राचे वर्णन वाचण्याचा सराव कसा करावा?

भिलाई (छत्तीसगड) : परदेशी विद्यापीठातील प्रवेश असो, परिचारिका म्हणून नोंदणी असो किंवा कौशल्याच्या आधारे होणारे स्थलांतर असो, बहुतेक वाटांवर इंग्रजीच्या चाचणीचा उंबरठा ओलांडावा लागतो. या चाचणीच्या वाचन विभागात एखादे यंत्र किंवा औद्योगिक प्रक्रिया कशी चालते, याचे वर्णन करणारे उतारे नेहमी आढळतात. उताऱ्याशेजारी आकृती असते, तिच्या भागांची नावे रिकामी सोडलेली असतात आणि उताऱ्यातील नेमके शब्द शोधून त्या जागा भरायच्या असतात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला हा प्रकार सोपा वाटतो, तर कला शाखेच्या विद्यार्थ्याला धडकी भरवतो. प्रत्यक्षात या प्रश्नांत पारख होते ती वाचनाची. यंत्रशास्त्राचे पूर्वज्ञान त्यांना लागत नाही.

हा सराव समजून घेण्यासाठी भिलाईसारखे गाव शोधून सापडणार नाही. दुर्ग जिल्ह्यातील हे शहर पोलाद कारखान्याभोवती वसले. कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. करार झाला तेव्हा हा प्रदेश ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर वेगळ्या राज्यात गेले, तरी मुंबई-हावडा लोहमार्गाने जोडलेला नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई हा पट्टा परस्परांशी जोडलेलाच राहिला. आज भिलाई स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांचे शहर म्हणूनही ओळखली जाते. २०१६ मध्ये सुरू झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्थाही येथेच आहे.

चाचणीचे स्वरूप आणि गुणांचे गणित

भारतात सर्वाधिक परिचित असलेल्या आयईएलटीएस चाचणीच्या शैक्षणिक प्रकारात वाचनासाठी ६० मिनिटे मिळतात. तीन उतारे आणि ४० प्रश्न असतात. तिन्ही उताऱ्यांची एकत्रित शब्दसंख्या साधारण २,१५० ते २,७५० असते. उत्तरे लिहून काढण्यासाठी वेगळा वेळ मिळत नाही. चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही जागा रिकामी सोडण्यात अर्थ नसतो.

गुण शून्य ते नऊ या श्रेणीत, म्हणजे ‘बँड’मध्ये दिले जातात. शैक्षणिक वाचनात ४० पैकी साधारण २३ उत्तरे बरोबर आली की ६ बँड आणि ३० बरोबर आली की ७ बँड मिळतो. दोन बँडमधील अंतर अवघे सात प्रश्नांचे आहे. आकृतीच्या एका प्रश्नसंचात तीन-चार जागा असतील आणि त्या सगळ्या चुकल्या, तर अर्धा बँड हातचा जाऊ शकतो.

हा अर्धा बँड कागदावर किरकोळ दिसतो. परिणाम मात्र किरकोळ नसतो. ब्रिटनच्या परिचर्या व प्रसूतिसेवा परिषदेकडे नोंदणीसाठी वाचन, श्रवण आणि संभाषण या तिन्ही विभागांत ७ बँड आवश्यक असतात, लेखनात ६.५ चालतात. वाचनात ६.५ वर अडकलेल्या परिचारिकेची बाकीची तयारी पूर्ण असली, तरी नोंदणी थांबते. अनेक विद्यापीठेही एकूण बँडबरोबर प्रत्येक विभागासाठी किमान मर्यादा घालतात. चाचणीचे शुल्क भारतात १८ हजार रुपयांच्या आसपास आहे आणि निकाल दोन वर्षेच ग्राह्य धरला जातो. मध्यमवर्गीय कुटुंबासाठी प्रत्येक फेरपरीक्षा हा विचारपूर्वक करावयाचा खर्च ठरतो.

आकृतीच्या प्रश्नाचे नियम

या प्रश्नप्रकाराचे नियम मोजके आहेत, पण काटेकोर आहेत. उत्तराचे शब्द उताऱ्यातून जसेच्या तसे उचलायचे असतात. त्यांचे रूप बदलायचे नसते. ‘दोन शब्दांपेक्षा अधिक नको’ किंवा ‘एक शब्द आणि/किंवा एक संख्या’ अशी मर्यादा सूचनेतच दिलेली असते. ती ओलांडली तर अर्थाने बरोबर असलेले उत्तरही चूक ठरते. जोडरेघेने जोडलेला शब्द एकच धरला जातो. स्पेलिंग चुकले तर गुण जातो. एकवचनाच्या जागी अनेकवचन लिहिल्यासही तेच होते.

आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. इतर काही प्रश्नप्रकारांत उत्तरे उताऱ्याच्या क्रमाने येतात. आकृतीच्या प्रश्नात ती त्याच क्रमाने येतीलच असे नाही. मात्र ती बहुधा उताऱ्याच्या एकाच भागात एकवटलेली असतात. त्यामुळे संपूर्ण उतारा धुंडाळण्याऐवजी वर्णनाचा तो परिच्छेद आधी हेरणे आणि मग आकृतीकडे वळणे सोयीचे ठरते.

झोतभट्टीचा उतारा

पोलाद कारखान्यातील झोतभट्टीचे वर्णन या सरावासाठी उत्तम आहे. त्यात भाग आहेत, क्रम आहे आणि प्रत्येक टप्प्यामागे कारण आहे. अशा उताऱ्याचा आशय साधारण पुढीलप्रमाणे असतो :

‘लोहखनिज, कोक आणि चुनखडी भट्टीच्या माथ्यावरून आत सोडली जातात. तळाजवळ बसवलेल्या नळ्यांतून तप्त हवेचा झोत आत शिरतो. या हवेत कोक जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. तो वर चढत असताना खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो. वितळलेले लोखंड तळाशी साठते. चुनखडी खनिजातील अशुद्ध द्रव्यांशी संयोग पावून मळी तयार करते; ती हलकी असल्याने लोखंडावर तरंगते. माथ्यावरून बाहेर पडणारा वायू शुद्ध करून झोताची हवा तापवणाऱ्या स्टोव्हमध्ये जाळला जातो.’

या एका परिच्छेदातून चार रिकाम्या जागा सहज निघतात : माथ्यावरून काय सोडले जाते, तळाजवळून काय शिरते, लोखंडावर कोणता थर असतो आणि वायू शेवटी कोठे जातो. वाचताना तीन रकाने मनात ठेवावेत : कोणती वस्तू, तिचे काय होते आणि ती पुढे कोठे जाते. हे रकाने भरले की आकृती आपोआप उभी राहते. येथे पदार्थ वरून खाली येतात आणि वायू खालून वर जातो. ही उलटसुलट दिशा ज्याच्या ध्यानी आली, त्याची अर्धी आकृती सुटली.

भट्टीच्या भागांची इंग्रजी नावेही बोलकी आहेत. वरच्या अरुंद भागाला ‘थ्रोट’ म्हणजे गळा, मधल्या रुंद भागाला ‘बेली’ म्हणजे पोट आणि तळाला ‘हार्थ’ म्हणजे चूल म्हणतात. रोजच्या भाषेतले शब्द यंत्राच्या वर्णनात वेगळे काम करतात, हे त्यातून कळते. ‘हॉट ब्लास्ट स्टोव्ह’ या नावातील स्टोव्हचा स्वयंपाकघराशी संबंध नाही. विटांनी भरलेला तो उंच मनोरा असतो. आधी वायू जाळून विटा तापवतात, नंतर ज्वलन थांबवून त्यांतून थंड हवा सोडतात आणि ती तापून भट्टीत जाते. एक मनोरा तापत असताना दुसरा हवा पुरवतो. जोडशब्दात मुख्य वस्तू बहुधा शेवटच्या शब्दात असते आणि आधीचे शब्द तिचा प्रकार सांगतात, एवढे लक्षात ठेवले तरी अनोळखी नावांचा बाऊ राहत नाही.

जाणकाराचाही पाय घसरतो

याच उताऱ्यावर ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ हा प्रश्नप्रकारही विचारला जाऊ शकतो आणि येथे विषयाची माहिती असणाराच अधिक धोक्यात असतो. पुढील तीन विधाने पाहावीत. पहिले : मळी लोखंडाच्या खाली साठते. दुसरे : माथ्यावरचा वायू झोताची हवा तापवण्यास उपयोगी पडतो. तिसरे : या वायूपासून वीज निर्माण केली जाते.

पहिले विधान ‘फॉल्स’ आहे, कारण उतारा नेमके त्याच्या उलट सांगतो. दुसरे ‘ट्रू’ आहे. तिसऱ्या विधानाशी पोलादनगरीत वाढलेला विद्यार्थी थबकतो. भट्टीतील वायू पोलाद कारखान्यांत वीजनिर्मितीसाठीही वापरला जातो, हे त्याने ऐकलेले असते. म्हणून तो ‘ट्रू’ लिहितो आणि गुण गमावतो. उताऱ्यात विजेचा उल्लेखच नाही, त्यामुळे योग्य उत्तर ‘नॉट गिव्हन’ असे आहे. विधान वस्तुस्थितीला धरून आहे की नाही, हा प्रश्न येथे गैरलागू असतो. उतारा काय सांगतो, एवढेच पाहायचे असते.

‘फॉल्स’ आणि ‘नॉट गिव्हन’ यांतील सीमारेषाही याच कसोटीने आखता येते. उताऱ्यातील एखादे वाक्य विधानाला खोटे पाडत असेल तर ‘फॉल्स’. तसे बोट ठेवता येईल असे वाक्यच नसेल तर ‘नॉट गिव्हन’. प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातील कोणत्या शब्दांनी ते सिद्ध होते, असे स्वतःला विचारण्याची सवय लागली की पूर्वज्ञान आपल्या जागी राहते.

वाक्यरचना कोठे अडवते?

मराठी वाचकाला अडचण येते ती बहुतेकदा वाक्याच्या घडणीत. तांत्रिक इंग्रजीत कर्मणी प्रयोग सर्रास असतो. खनिज ‘चार्ज’ केले जाते, हवा ‘हीट’ केली जाते. ते कोण करतो, हे सांगितलेले नसते. मराठीत अशा वेळी ‘खनिज वरून सोडतात’ असे म्हणून आपण मोकळे होतो. इंग्रजी वाक्यात कर्ता शोधत बसणे व्यर्थ असते. कोणत्या वस्तूवर कोणती क्रिया झाली, एवढे टिपावे.

दुसरी अडचण ‘व्हिच’ने सुरू होणाऱ्या उपवाक्याची. मराठीत ‘जी हवा तापते, ती भट्टीत जाते’ असे उपवाक्य सहसा आधी येते आणि मुख्य वाक्य सलग राहते. इंग्रजीत ते नामानंतर, वाक्याच्या मधोमध बसते आणि कर्ता व क्रियापद एकमेकांपासून दूर पडतात. पहिल्या वाचनात ते उपवाक्य बाजूला ठेवून मुख्य वाक्य जुळवावे आणि दुसऱ्या वाचनात उपवाक्याकडे वळावे, हा साधा उपाय आहे.

तिसरी अडचण क्रमाची. ‘प्रायर टू’, ‘वन्स’, ‘अनटिल’ हे शब्द वाक्याचा क्रम आणि घटनेचा क्रम वेगळा करतात. ‘लोखंड बाहेर काढण्यापूर्वी तोंड ड्रिल केले जाते’ या अर्थाच्या वाक्यात लोखंडाचा उल्लेख आधी येतो, पण कृती नंतर घडते. प्रवाहतक्ता भरताना नेमकी हीच चूक होते. चौथी बाब शब्दयोगी अव्ययांच्या कामाची : ‘थ्रू’ म्हणजे मधून, ‘इन्टू’ म्हणजे आत, ‘बिनीथ’ म्हणजे खाली. आकृतीतील बाणाची दिशा या छोट्या शब्दांवर ठरते. घाईत डोळा नेमका त्यांवरूनच घसरतो.

प्रश्नातील शब्द आणि उताऱ्यातील शब्द सहसा सारखे नसतात, हेही ध्यानात ठेवावे. उतारा ‘घनता कमी’ म्हणेल, तर आकृतीवरची टीप ‘तरंगतो’ म्हणेल. भोवतालचे शब्द बदलतात. उत्तराचा शब्द मात्र उताऱ्यातलाच राहतो.

फिरत्या चाकाचा धडा

केंब्रिजच्या सराव-पुस्तकमालेच्या ११ व्या पुस्तकात स्कॉटलंडमधील फॉल्कर्क व्हीलवर एक उतारा असून त्यात आकृतीचा प्रश्नही आहे. २००२ मध्ये सुरू झालेले हे प्रचंड चाक दोन कालव्यांना जोडण्यासाठी बोटी सुमारे २४ मीटर वर-खाली नेते. चाकाच्या दोन बाजूंना पाण्याने भरलेले दोन हौद असतात. एकात बोट असली आणि दुसऱ्यात नसली, तरी दोन्हींचे वजन सारखेच राहते. बोट आत शिरताना स्वतःच्या वजनाइतके पाणी बाहेर सारते, हे त्यामागचे आर्किमिडीजचे तत्त्व. त्यामुळे चाक फिरवण्यास फार कमी ऊर्जा लागते.

यंत्राच्या प्रत्येक वर्णनात असे एक कारणवाक्य दडलेले असते. झोतभट्टीत ते मळीच्या हलकेपणाचे, चाकात ते सारलेल्या पाण्याचे. ते सापडले की बाकीचे तपशील त्याभोवती गोळा होतात आणि पाठ करण्याची गरज उरत नाही.

घरच्या घरी सराव

यासाठी महागड्या साहित्याची आवश्यकता नाही. घरातील प्रेशर कुकर, शीतकपाट किंवा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राबरोबर आलेली इंग्रजी माहितीपुस्तिका सुरुवातीस पुरेशी असते. कुकरचे उदाहरण घेता येईल. झाकणाच्या रबरी रिंगमुळे वाफ आत कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की शिटीचे वजन उचलले जाऊन वाफ सुटते. वाफेची ही वाट बंद पडली तर सुरक्षा झडप मोकळी होते. पाच भाग, चार टप्पे आणि दोन कारणे. एका आकृतीला एवढे भरपूर झाले.

पुस्तिकांची भाषा आज्ञार्थी असते : झाकण लावा, आच कमी करा. चाचणीतील उतारा वर्णनात्मक असतो. म्हणून सूचनेचे वर्णनात रूपांतर करणे हाच एक चांगला अभ्यास ठरतो. पुढील क्रम उपयोगी पडेल :

१. उतारा एकदा न थांबता वाचावा. अनोळखी शब्द सोडून द्यावेत.

२. दुसऱ्या वाचनात भागांची नावे आणि हालचाल दाखवणारे शब्द वेगळे काढावेत.

३. उतारा पाहत स्वतःच्या हाताने आकृती काढावी. चित्रकला चांगली नसली तरी चालते.

४. उतारा झाकून यंत्राचे काम मराठीत मोठ्याने सांगावे. जेथे अडखळायला होते, तेथेच समज कच्ची असते.

५. आकृतीतील चार-पाच नावे पुसून ती सोबत्याला भरायला द्यावीत आणि त्याने तयार केलेली आपण भरावीत.

६. अखेरीस शब्दमर्यादा, स्पेलिंग आणि वचन तपासावे.

पहिले काही आठवडे घड्याळ बाजूला ठेवावे. नंतर एका उताऱ्यासाठी २० मिनिटांची मर्यादा घालावी. वेग समजेमागून येतो. उलट क्रमाने गेल्यास घाईची सवय जडते आणि ती मोडणे अवघड होते.

विषयाची मुळीच ओळख नसेल, तर मराठी विश्वकोशातील संबंधित नोंद आधी वाचावी. वाई येथून सुरू झालेल्या आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली आकाराला आलेल्या या कोशातील नोंदी संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. संकल्पना मायबोलीत स्पष्ट झाली की इंग्रजी उताऱ्यात फक्त भाषेशी सामना उरतो. चाचणीच्या दिवशी मात्र ही शिदोरी बाहेर ठेवून केवळ उताऱ्यावर विसंबायचे असते.

लेखनालाही उपयोग

या सरावाचा दुहेरी लाभ होतो. शैक्षणिक आयईएलटीएसच्या लेखन विभागातील पहिल्या प्रश्नात आलेख, तक्ता किंवा प्रक्रियेची आकृती देऊन किमान १५० शब्दांत तिचे वर्णन मागितले जाते आणि त्यासाठी साधारण २० मिनिटे सुचवलेली असतात. वाचताना जमवलेली क्रमदर्शक शब्दसंपदा आणि कर्मणी प्रयोगाची ओळख येथे थेट कामी येते. वाचनात आकृती भरायची असते आणि लेखनात आकृतीवरून उतारा रचायचा असतो. एकाच रस्त्याचा हा जाण्या-येण्याचा प्रवास आहे.

‘यंदा येणारे उतारे’ म्हणून उत्तरे पाठ करून घेणाऱ्यांपासून विद्यार्थ्यांनी सावध राहावे. उतारे बदलत राहतात आणि पाठ केलेली उत्तरे दुसऱ्या उताऱ्यात उपयोगी पडत नाहीत. चाचणी घेणाऱ्या संस्थांच्या अधिकृत संकेतस्थळांवर नमुना प्रश्न विनामूल्य मिळतात. सुरुवात तेथून करणे श्रेयस्कर.

या कौशल्याची गरज निकालपत्रापाशी संपत नाही. कारखान्यातील यंत्रांच्या, रुग्णालयातील उपकरणांच्या आणि प्रयोगशाळेतील साधनांच्या पुस्तिका मोठ्या प्रमाणावर इंग्रजीतच असतात. झडप आधी उघडायची की दाब आधी उतरवायचा, हे तेथे एखाद्या ‘प्रायर टू’वर अवलंबून असते. चाचणीत त्या शब्दाची चूक एका गुणाला पडते. कामाच्या ठिकाणी तिची किंमत त्याहून कितीतरी अधिक असू शकते.